तोंडी तक्रार ग्राह्य नाही

मुलुंड पूर्व,
मंगळवार

चि. सुयोग यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुला फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं की सुनंदाआत्याकडून जोडलेले हात येतात आणि तुझ्याकडून अंगठा. तेव्हा म्हटलं, भाऊंच्याच नियमाने जाऊ. तोंडी तक्रार ग्राह्य नाही. लेखी द्या, सात दिवसांत उत्तर मिळेल. सोसायटीचं सेक्रेटरीपद एकतीस वर्षं सांभाळणाऱ्या बापाच्या घरात वाढलो आपण. इतरांची मुलं बापाकडे हट्ट करायची, आपण अर्ज करायचो. सहलीला जायचं तर अर्ज, नवी चप्पल हवी तर अर्ज, आणि त्यावर लाल शाईत शेरा. निदान त्या शिस्तीला जागून तरी उत्तर देशील.

तर, विषय: भाऊंना गोरेगावच्या ‘स्मरणवेल’मधून काढून टाकत आहेत.

शाळेतून द्वाड पोराला काढतात तसं. गेले तीन आठवडे भाऊ रोज सकाळी बरोबर साडेआठला तिथल्या मागच्या अंगणात जातात आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात. आपल्या हरिकृपा सोसायटीत पाणी साडेसहा ते साडेआठ, ही वेळ त्यांनीच ठरवलेली. आईचं नाव ते विसरले, ती वेळ विसरले नाहीत. आणि ‘स्मरणवेल’मध्ये आंघोळी सुरूच होतात सव्वाआठनंतर. परवा तिथले चंद्रप्रकाशजी, निवृत्त रेल्वे गार्ड आहेत, डोक्याला साबण लावून पाऊण तास उभे राहिले. साबण कशासाठी लावला ते विसरले होते, पण डोळे झोंबायचे ते झोंबतातच ना. मग व्हॉल्व्हला कुलूप घातलं. भाऊंनी स्वयंपाकघरातून बत्ता आणून ते फोडलं, आणि सोसायटीचं कुलूप सेक्रेटरीने फोडलं तर तो गुन्हा होत नाही, असं श्रुतिका मॅडमना शांतपणे समजावून सांगितलं. श्रुतिका मॅडम म्हणजे तिथल्या व्यवस्थापक. वय बत्तीस, हसू लॅमिनेट केलेलं.

शिवाय पाण्याची वेळ संपली म्हणून भाऊ स्वतःही आंघोळ करत नाहीत. आज अकरावा दिवस. त्यांचं सगळं करणाऱ्या जानकीबाई वाकोल्याहून दोन बस बदलून येतात. त्यांनी बादली भरून ठेवली, तर त्यांना पाण्याची साठेबाजी केल्याबद्दल ताकीद मिळाली.

श्रुतिका मॅडमनी कळवलंय की अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत दुसरी सोय बघा. त्यांना सहकार्य करणारे रहिवासी हवेत म्हणे. स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी काढलेल्या जागेत स्मृतिभ्रंश झालेला माणूस ठेवता येत नाही. हे वाक्य मी गोरेगावपासून मुलुंडपर्यंत मनात घोळवत आले, तरी त्याला कुठून धरायचं ते कळलं नाही.

मी त्यांना घरी आणू शकत नाही. चार वर्षं ठेवलं होतं. आता तू काय करणार ते कळव.

लोभ आहे असं गृहीत धरते. नसल्यास लेखी कळवावं.

तुझी,
रेवतीताई


बोरिवली पश्चिम,
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. मुलुंड ते बोरिवली, मध्ये काय ते एक जंगल, तरी चार दिवस लागले. एखाद्या बिबट्याकडे दिलं असतंस तर लवकर आलं असतं. आणि तारीख कुठाय? नुसतंच मंगळवार. कुठला मंगळवार ते पोस्टाच्या शिक्क्यावर भिंग धरून शोधलं. पाचवीत असताना तू सहलीचा अर्ज केलास, त्यावरही तारीख नव्हती. भाऊंनी तो लाल शाईत ‘तारीख नाही’ असं लिहून दोनदा परत पाठवला, आणि तोवर शाळेची बस निघून गेली. तू दोन दिवस जेवली नाहीस. आणि त्याच्या पुढच्या अर्जावरही तारीख घातली नाहीस. काय म्हणायचं गं तुला!

असो. श्रुतिका मॅडमना मी फोन केला होता. त्या फार गोड बोलल्या आणि अठ्ठावीस तारीख जिथल्या तिथे राहिली. आता माझी बाजू ऐक. सम्यकची बारावी परवापासून सुरू होतेय. मृणालिनीची पाठ तुला माहीत आहेच. आमच्या दोन खोल्यांत तिसरं टेबल मांडायला जागा नाही, तिथे भाऊंचं कार्यालय कुठे मांडू? हे बहाणे आहेत असं तू म्हणशील. काही बहाणे खरेही असतात, ताई.

घाटकोपरला एक नवी जागा झाल्याचं माझ्या ऑफिसातला एकजण सांगत होता. फोटो झकास आहेत. तीही बघ. नाहीतर तुझ्याकडेच दिवसभराचा माणूस ठेवू, तुझं घर त्या मानाने मोठं आहे.

आणि त्या लोकांना सांग, भाऊंना समजावण्यात वेळ घालवू नका. त्यांना आजवर कोणी काही समजावू शकलेलं नाही, डोकं धड होतं तेव्हाही. सरळ नोटीस लावा म्हणावं. सही-शिक्क्याचा कागद दिसला की ते उभे राहून वाचतात.

नंदूभावोजींना नमस्कार. राग धरू नये, धरलाच तर पुढच्या पत्रापुरता धरावा.

तुझा,
सुयोग


मुलुंड पूर्व,
गुरुवार

चि. सुयोगला आशीर्वाद. आज एवढेच.

माझं घर मोठं आहे, हे तू लिहिलंस. मोठं आहेच. त्या मोठ्या घरात चार वर्षं काय चाललं होतं ते तुझ्या अंगठ्याला माहीत नसेल, म्हणून लिहिते.

फ्रिजवर नोटीस, देवघरावर नोटीस, संडासाच्या दारावर आतून आणि बाहेरून नोटीस. तुझे भावोजी संध्याकाळी कामावरून आले की भाऊ त्यांना दारात अडवायचे, कारण पोटभाडेकरूची पोलीस पडताळणी झालेली नव्हती. नंदूने दोन वर्षं स्वतःच्या घराच्या दारात रोज आधार कार्ड दाखवलं आणि वर थँक्यू म्हटलं. असा माणूस मला मिळाला, म्हणून मी अजून माणसात आहे. विमा कंपनीतली नोकरी मी सोडली, तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास की आता तुला आराम मिळेल. आराम! मी आंघोळीला गेले की भाऊ बाहेरून पाणी बंद करायचे. एका दुपारी केसांत शिकेकाई तशीच ठेवून बाहेर आले आणि त्यांच्यावर हात उचलला. मारला नाही. उचलला. ते घाबरून भिंतीला टेकले आणि मला बाई म्हणाले. बाई, मी तुमच्याबद्दल वरती कळवीन. पुढच्या महिन्यात मी ‘स्मरणवेल’ शोधलं. हे नंदूलाही सांगितलेलं नाही. तू कोणाला सांगू नकोस.

तर माणूस ठेवायचा सल्ला आपल्याजवळच ठेव.

घाटकोपर बघून आले. आत शिरताना माशांची काचेची पेटी, बाहेर पडताना फुलपाखरांचा पडदा. मधल्या भागात माणसं ठेवलेली असतात. प्रवेशअर्जात रुग्णाने स्वतः भरायचा रकाना आहे: आपल्याला विस्मरणाचा त्रास नेमका कधीपासून सुरू झाला? माहिती देणाऱ्या बाईंनी मला विचारलं, बाबा शांत आहेत ना, कारण आमच्याकडे शांत लोकांचं वातावरण आहे. मी म्हटलं, इतके शांत असते तर मी माझ्याच दिवाणखान्यात माशांच्या पेटीशेजारी बसवले असते. बाईंनी छापील माहितीपत्रक हातात दिलं, रंगीत, गुळगुळीत. ते पर्समध्ये आहे. भाजीच्या यादीला होईल.

आता तुझी नोटीस. तू ती चेष्टेत लिहिलीस, मी खरंच टाइप करून नेली. सर्व सभासदांना कळविण्यात येते की पाणीपुरवठा दिवसभर चालू राहील, सेक्रेटरींसह सर्वांनी सकाळी आंघोळ उरकावी. भाऊ उभे राहिले. चष्मा लावून तीनदा वाचली. जानकीबाई माझ्याकडे बघून हसल्या, मलाही वाटलं जिंकलो. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, खाली लिहिलं ‘ठराव क्रमांक?’ आणि कागद मला परत दिला. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय पाण्याची वेळ बदलता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं म्हणे.

म्हणून आता सभा होणार आहे. हसू नकोस. रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता. त्या वेळात तिथे चेंडू झेलण्याचा कार्यक्रम असतो, तो रद्द करवला. श्रुतिका मॅडमना मी सांगितलं की ठराव झाला आणि भाऊंनी मानला तर त्यांना ठेवा, नाही मानला तर अठ्ठावीसला मी घेऊन जाते. कुठे, ते विचारलं नाही त्यांनी, आणि मला माहीत नव्हतं.

तू यायचंस. पाच महिने झाले. सम्यकची बारावी रविवारी नसते.

आणि तारखेचं. त्याचं मला हसू आलं नाही. गेल्या महिन्यात दुधाचं पातेलं दोनदा करपवलं. परवा शेजारच्या रुचिराला हाक मारायची तर नाव जिभेवर येईना. बापाचं नाक आलंय माझ्याकडे, आणखी काय काय आलंय कोण जाणे. तू सहज लिहून जातोस रे.

तुझी,
ताई


बोरिवली पश्चिम,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात नेऊन वाचलं, घरी वाचवलं नाही. हात उचलल्याचं कोणाला सांगणार नाही. माझ्यावर तर तू कितीदा उचललास, आणि माझ्यावरचे लागायचेही.

तारखेचं आधी. तू तारीख विसरतेस ती पाचवीपासून. याला आजार म्हणत नाहीत, याला रेवती म्हणतात. ज्या दिवशी तुझ्या पत्रावर व्यवस्थित तारीख येईल, त्या दिवशी मी डॉक्टरला फोन करीन.

आता पाच महिन्यांचं. लेखी मागतेस तर लेखी घे.

सप्टेंबरात मी गेलो होतो. भाऊ खाटेवर बसले होते. मला बघून उठले, म्हटलं ओळखलं. ते म्हणाले, या, बराच उशीर केलात, आणि मला थेट मोरीत घेऊन गेले. नळ गळत होता. मी प्लंबर होतो. मी काय करणार? जानकीबाईंकडे पान्हा मागितला आणि नळ आवळला. चार वर्षं इंजिनिअरिंग, पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर, आणि बापाने पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते त्या नळापायी.

तोपर्यंत ठीक होतं. मग मी, काय दुर्बुद्धी झाली, विचारलं की तुम्हाला मुलगा आहे ना, तो येतो का भेटायला. भाऊ एकदम सावरून बसले. म्हणाले, माझा सुयोग बोरिवलीला असतो, फार मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला वेळ होत नाही, त्याला कोणी त्रास द्यायचा नाही. वर मला दम दिला की त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलाल तर पुढचं काम मिळणार नाही.

शिव्या दिल्या असत्या तर मी दर रविवारी जाऊन खाल्ल्या असत्या, ताई. हे कसं खायचं? म्हणून गेलो नाही. बहाणा म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

येतो रविवारी. पण मुलगा म्हणून आलो तर मला बाहेर बसवतील की आत, ते माहीत नाही.

आशीर्वाद शिल्लक असतील तर पाठवावेत.

तुझा,
सुयोग


(पोस्टकार्ड)

शनिवारच्या आत मिळावं म्हणून कार्ड.

सुयोग, प्लंबर म्हणूनच ये. येताना पान्हा आण. शर्ट इन करू नकोस, कुठला प्लंबर शर्ट इन करतो? अकराला दहा कमी असताना फाटकाशी. आरेच्या रस्त्याने बसने ये, गाडी आणलीस तर भाऊ पार्किंगचा स्टिकर मागतील.

आशीर्वाद पाठवले आहेत.

ताई


बोरिवली पश्चिम,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुला फोन लावतोय. नंदूभावोजी उचलतात आणि सांगतात की ताई बरी आहे, पण बोलणार नाही. रविवारी मी बाहेर आलो तर तू फाटकाशी नव्हतीस. वॉचमन म्हणाला, मॅडम कधीच बसने गेल्या. तुझा राग मला कळतो. सभा ठरवली तू, माणसं जमवली तू, आणि भाऊंनी दारातच तुला अडवलं, बिगरसभासदांना प्रवेश नाही म्हणून. आणि मी पान्हा दाखवला तर मला तांत्रिक सल्लागार म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी तोंड उघडलं असतं तर मुलगा झालो असतो, आणि मग दोघंही बाहेर.

आत काय झालं ते तुझ्या हक्काचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊंना जानकीबाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बिनआंघोळीच्या अकरा दिवसांचे आता तीस दिवस झाले होते, त्यामुळे पहिली रांग जरा मागे सरकून बसली. भाऊंनी माणसं मोजली आणि गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. कोणी कुठे गेलं नाही, त्याच खुर्च्यांवर तीच माणसं अर्धा तास बसून राहिली. तोवर आपण कशाला जमलोय हे सगळे विसरले, पण ते आपल्या सोसायटीतही व्हायचं. नंतर तीच माणसं नियमाप्रमाणे पुरेशी ठरली.

ठराव श्रुतिका मॅडमनी मांडला. भाऊंनी त्यांना विचारलं की तुम्ही सभासद आहात की भाडेकरू. बाई सभासद म्हणाल्या, आणि ताई, त्या वेळी त्यांच्या तोंडावर ते लॅमिनेशन नव्हतं. मागून एका आजींनी पार्किंगचा प्रश्न काढला. भाऊंनी तो विषयपत्रिकेवर नसल्यामुळे घेतला नाही. आजींनी मग लिफ्टचा काढला. ‘स्मरणवेल’ला लिफ्ट नाही.

मग मला मत विचारलं. मी उभा राहिलो. व्हॉल्व्ह रोज दोनदा फिरवला की आतला वायसर झिजतो, शेवटी एक दिवस पाणी बंदच होणार नाही किंवा सुरूच होणार नाही, तेव्हा तो उघडा ठेवणं सोसायटीच्या हिताचं, असं सांगितलं. एवढं खोटं मी अप्रेझललाही बोललो नव्हतो. भाऊंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग ते सगळ्यांना म्हणाले की कारागीर माणूस आहे, त्याला खोटं बोलून काय मिळणार?

अनुमोदन चंद्रप्रकाशजींनी दिलं. म्हणजे त्यांनी हिरवा नॅपकिन हलवला. त्यांची गाडी सुटायची वेळ झाली होती. एकमताने मंजूर.

इतिवृत्त भाऊंनी स्वतः लिहिलं. ताई, एका ओळीला चार-चार मिनिटं. अक्षर उतरणीला लागलेलं, पण ओळ सोडली नाही. मधेच जानकीबाईंनी बाहेरून कसलासा रंगीत कागद आणून त्यांना दिला. त्यांनी लिहिणं थांबवलं, खिशातून दुसरं पेन काढलं, लाल, त्यावर काहीतरी खरडून तो परत पाठवला, आणि पुन्हा ठरावावर आले. स्वयंपाकघरातलं काही असेल, मी लक्ष दिलं नाही.

आता निकाल. सोमवारी सकाळी सगळं विसरून ते साडेआठला अंगणात गेलेच. जानकीबाई इतिवृत्ताची वही घेऊन आधीच व्हॉल्व्हपाशी उभ्या होत्या. भाऊंनी स्वतःच्या अक्षरातला ठराव वाचला, खालची स्वतःची सही बघितली, आणि म्हणाले की मग आंघोळीला उशीर कशाला करताय? सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस आंघोळ झाली. पहिल्या दिवशी तीन बादल्या लागल्या. श्रुतिका मॅडमनी मे अखेरपर्यंत मुदत दिली, पुढचं पुढे. मी ते लेखी मागून घेतलं. घेणारच.

आणि मला दर रविवारी व्हॉल्व्ह तपासायला यायचा हुकूम आहे. मुलगा म्हणून पाच महिने गेलो नाही, प्लंबर म्हणून दर आठवड्याला जाईन. मृणालिनीने पान्ह्यासाठी पिशवी शिवली.

आता तरी बोल. शिव्या दे, पण बोल.

तुझा,
सुयोग


मुलुंड पूर्व,
शनिवार

चि. सुयोग यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फार हुरळू नकोस. काल सकाळी भाऊंनी वही वाचली आणि ती सही आपली नाहीच म्हणाले. बनावट इतिवृत्ताबद्दल जानकीबाईंची चौकशी लावली. आंघोळ नाही. आज पुन्हा सही त्यांचीच होती, आंघोळ झाली. मे अखेरपर्यंत हे असंच चालायचं, आणि त्यानंतर श्रुतिका मॅडमचं हसू पुन्हा लॅमिनेट झालेलं असेल. तेव्हा मेमध्ये मी एकटी दारोदार फिरणार नाही, तू बरोबर असशील. हे पत्र म्हणजे त्याची पूर्वसूचना समज.

मी रागावून गेले नव्हते.

म्हणजे आधी रागावले होतेच. दारात उभं करून मला विचारलं की आपला फ्लॅट नंबर काय. मी म्हटलं, भाऊ, मी रेवती. ते म्हणाले, नाव नको, नंबर सांगा. मग नेहमीचं, बिगरसभासद, लेखी अर्ज द्या. तू पान्हा हलवत आत गेलास आणि मी बाहेर, फणसाच्या झाडाखालच्या बाकावर. पन्नाशी उलटलेली बाई. चार वर्षं ज्यांना भरवलं, धुतलं, पुसलं, त्यांच्या सभेला मी बिगरसभासद. इतकी चिडले की म्हटलं घ्या अर्ज. पर्समध्ये घाटकोपरचं ते माशांच्या पेटीचं माहितीपत्रक होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खरडला आणि जानकीबाईंच्या हाती आत पाठवला. तुला दिसलेला रंगीत कागद तो.

पाच मिनिटांत परत आला. तो सोबत जोडला आहे. वाचून झाला की परत पाठव, साध्या पोस्टाने नको, स्वतः आणून दे. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून मजकूर इथेही उतरवते.

‘प्रति, माननीय सेक्रेटरी. महोदय, मी आपल्या सोसायटीची सभासद नाही. तरी आजच्या सभेला मागे उभं राहण्याची परवानगी मिळावी. मी मधे बोलणार नाही. आपली नम्र, रेवती.’

त्याखाली लाल शाईत, वाकडं, उतरणीला लागलेलं:

‘तारीख नाही. नेहमीप्रमाणे.’

मी बाकावर बसून तो कागद किती वेळ बघत होते ठाऊक नाही. आतून तुझा वायसर-वायसर ऐकू येत होता. जानकीबाईंनी विचारलं, ताई, परवानगी दिली का? मी म्हटलं, नाही, नामंजूर. त्या म्हणाल्या मग रडता कशाला, पुन्हा अर्ज करा. पाचवीत असते तर केला असता. या वेळी आत जायची गरज राहिली नव्हती. आलेल्या पहिल्या बसमध्ये चढले, ती कुठे जाते तेही बघितलं नाही. पवईला उतरून रिक्षा केली.

त्यांनी मला ओळखलं, असं मी म्हणत नाही. डॉक्टर सांगतील की जुनी सवय आहे, हात आपोआप लिहितो. असेल. पण सहलीच्या अर्जावर त्यांनी नुसतं ‘तारीख नाही’ लिहिलं होतं, दोन्ही वेळा. तुला आठवतंय, तूच लिहिलंस. पुढचा शब्द नवा आहे.

रविवारी मीही येणार आहे. तू व्हॉल्व्ह बघ. मी दारात अर्ज देईन आणि बाकावर बसेन. परत येईल तो घेईन. पुढच्या रविवारी दुसरा.

सम्यकच्या पेपरांचं कळव. मृणालिनीला सांग, मलाही एक पिशवी शिव, कागद ठेवायला. माया आहे तशीच राहू दे, अर्ज करायला लावू नकोस.

तुझी,
रेवतीताई

ता. क. या पत्रावरही तारीख नाही. डॉक्टरला फोन करू नकोस. या वेळी विसरलेली नाही.